चिंचोक्याची खळ

आमच्या घरात उंदरांना पांढरी ज्वारी मिळायची आणि आम्हाला लाल. दुष्काळाचे दिवस होते. रेशनवर परदेशातून आलेली ती मिलो नावाची लालभडक ज्वारी मिळायची, जिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. पांढरी ज्वारी बाबा मोहोळच्या बाजारातून कशीतरी पैदा करून आणायचे, पत्र्याच्या डब्यात घालून डब्याला कुलूप लावायचे आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने पिंजऱ्यांतल्या वाट्यांत घालायचे. उंदीर साधेसुधे नव्हतेच. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, मुंबईहून टोपलीत बसून रेल्वेने आलेले पाहुणे होते ते. मिलोने त्यांचं पोट बिघडलं असतं तर बाबांचा प्रयोग बिघडला असता. आमचं बिघडलं तर बिघडू दे, आमच्यावर कुठे कोण प्रबंध लिहीत होतं? एकदा मी पिंजऱ्यांच्या वाट्यांतली दोन मुठी ज्वारी काढून अम्माला दिली. तिने ती चटकन जात्यावर भरडली, एक भाकरी केली आणि शेंगाचटणीशी आम्ही दोघींनी चुलीपुढे बसून खाल्ली. संध्याकाळी बाबांना वाट्या हलक्या दिसल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, अम्माला विचारलं. त्यांचं विचारणं भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही ऐकू गेलं, आणि दुसऱ्या दिवशी ती हळद घेऊन आली.

माझी नात म्हणते, आजी, वडिलांबद्दल असं लिहू नये. का लिहू नये? ते गेले, मीही जाईन, उंदीर तर कधीच गेले. मला गोड लिहिता येत नाही. चाळीस वर्षं रक्त-लघवी तपासण्यात गेलेल्या बाईकडून कुणी गुलकंदाची अपेक्षा करू नये.

सोलापुरात साखर पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पूर्वी माग होता. आजोबा त्याच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि साड्या विणायचे. आजोबा गेल्यावर बाबांनी तेराव्याच्या आत माग मोडून विकला, खड्ड्यात दगडमाती भरली, वर सिमेंट ओतलं आणि त्या सिमेंटवर उंदरांचे पिंजरे मांडले. विणकराच्या पोटी जन्मून बाबा कॉलेजात प्राणिशास्त्राचे लेक्चरर झाले होते आणि त्यांना माग, सूत, खळ, रंग या कशाचंही नाव घरात नको होतं. आमची घरची बोली तेलुगू, तीही नको होती. मी त्यांना लहानपणी नायना म्हणायची, ते मार देऊन बंद केलं आणि बाबा म्हणायला लावलं. अम्माचं मात्र आईमध्ये रूपांतर काही झालं नाही, कारण तिला आई म्हटलं की ती मागे वळूनच बघायची नाही. दिवसभर गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू असायची, गिरण्यांचे भोंगे व्हायचे. वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची, आणि मग फक्त आमच्या पुढच्या खोलीतली खुसखुस आणि चीं-चीं ऐकू यायची. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की कुणाच्या घरी पाहुणी गेले तर झोप यायची नाही.

बाबांचं संशोधन होतं चिंचोक्यावर. हा विषय त्यांना पुण्याच्या सरांनी दिला होता. हे सर म्हणजे त्यांच्या पीएच.डी.चे मार्गदर्शक, ज्यांचं पत्र आलं की बाबा अंघोळ केल्याशिवाय ते फोडत नसत. विषय मला पाठ होता, कारण जेवताना बाबा दुसरं बोलतच नसत. चिंचोक्याच्या पोटात साखरेच्या लांबच लांब साखळ्या असतात. साखर असून गोड नाही, चिकट. झाडाने पिल्लासाठी बांधून दिलेली ती शिदोरी. ह्या साखळ्या प्राण्याच्या अंगात टोचल्या तर त्याच्या रक्तातल्या, पोटातल्या पांढऱ्या पेशींना वाटतं, कोणी परका आला, कारण जंतूंच्या अंगावरही अशाच साखळ्यांचं पांघरूण असतं. मग आळसावलेल्या पेशी जाग्या होतात, फुगतात, आणि समोर येईल ते गिळत सुटतात. उद्या खरा जंतू आला तर त्याला उभा खातील. बाबा म्हणायचे, अख्ख्या देशातली पोरं कसल्या कसल्या तापानं मरतात आणि औषध सोलापूरच्या उकिरड्यावर पडलंय, चिंचा खाऊन थुंकलेलं. हे बोलताना त्यांचा चेहरा फार सुंदर दिसायचा. मी हे नाकारत नाही.

चिंचोक्यातल्या ह्या साखळ्या काढायच्या तर आधी चिंचोके भाजायचे, त्यांची तपकिरी सालं काढायची, आतला पांढरा गर कुटून-दळून पीठ करायचं आणि ते पाण्यात घालून तासन् तास ढवळत शिजवायचं. मग ती खळ बाबा मलमलीतून गाळायचे, तीत स्पिरिट ओतायचे, की पांढरे धागे धागे तळाशी बसायचे. ते वाळवून बाटलीत भरायचे. स्पिरिटपासून पुढचं सगळं संशोधन होतं. त्याच्या आधीचं चुलीपुढचं ढवळणं हे बायकांचं काम होतं, ते अम्माकडे. आणि ते अम्माइतकं कुणाला येणार? तिच्या बापाची खळ अख्ख्या पेठेत प्रसिद्ध होती. सुताला कांजी बसावी, धागा ताठ व्हावा, मागावर तुटू नये म्हणून विणकर सुताला चिंचोक्याची खळ लावतात, आणि अम्मा नऊ-दहा वर्षांची असल्यापासून तेच करत आली होती. कंबर वाकवून, पदर खोचून ती लाकडी दांड्याने ढवळायची, दांडा वर उचलून तार बघायची, नाकाशी धरून वास घ्यायची. खळ मनासारखी झाली की बाबा गाळताना म्हणायचे, "आजची चांगली झालीय." एवढंच. त्या दिवशी अम्मा दिवसभर गुणगुणायची. मला तिचा राग यायचा. एवढा मार खाते आणि तीन शब्दांवर फुलते, असं मला वाटायचं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला सगळंच कळत असतं, त्यातली मी.

बाकीचं काम माझं होतं. उंदराच्या पोटात औषध टोचून चार दिवस झाले की त्याला मारायचं. शेपटीला धरून टेबलावर ठेवायचं, तो पळायला पुढे ओढ घेतो, तेवढ्यात मानेवर पेन्सिल आडवी दाबायची आणि शेपटी मागे खेचायची. टक असा बारीक आवाज येतो. पहिल्यांदा मला हे करायला लावलं तेव्हा मी आठवीत होते, आणि उंदीर अर्धवट राहिला. बाबा म्हणाले, रडलीस तर आणखी एक देईन. मी रडले नाही. पुढे मी त्यात इतकी तयार झाले की बाबांपेक्षा माझ्या हाताने उंदीर लवकर मरायचा. मग त्याच्या पोटात मिठाचं पाणी सोडून ते परत काढून घ्यायचं. त्या पाण्यात पेशी असतात. त्यांच्यापुढे बेकरीतून आणलेलं यीस्ट टाकायचं आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, कोणत्या पेशीने किती दाणे गिळले. औषध न टोचलेल्या उंदराच्या पेशी सुस्त असायच्या, एखादा दाणा तोंडात, बाकी सगळं रिकामं. आणि अम्माच्या खळीवर पोसलेल्या पेशी बघाव्यात. पहिल्या पंगतीला बसलेल्या आगंतुकासारख्या, पोट फुटेस्तोवर भरलेल्या. मी मोजायचे आणि बाबा लिहून घ्यायचे. मोजताना मी कधी खोटं बोलले नाही. त्या घरात तेवढी एकच जागा होती जिथे माझा शब्द चालायचा.

प्रबंध जवळजवळ पुरा होत आला त्या वर्षी अम्मा तिच्या बहिणीच्या बाळंतपणाला आठवडाभर अक्कलकोटला गेली. खळ मी केली. अम्मा करते तशीच केली असं मला वाटलं. भाजली, कुटली, शिजवली, दिली. चार दिवसांनी पेशी बघितल्या तर सगळा आनंदच. न टोचलेल्यांपेक्षा थोडं जास्त खाल्लं होतं, पण थोडंच. बाबांनी माझ्या कानाखाली वाजवली, खळ करपवलीस म्हणाले, आणि ते आकडे वहीतून फाडून चुलीत घातले. अम्मा आल्यावर मी तिला विचारलं, तू वेगळं काय करतेस? तिला आधी प्रश्नच कळेना. मग हसली. शिजवल्यावर मी लगेच दिली होती ना, तीच चूक. खळ रात्रभर मडक्यात झाकून ठेवायची, आणि तीत आदल्या खेपेच्या खळीतली पळीभर घालायची, दह्याला विरजण घालतात तशी. सकाळपर्यंत ती आंबते, बुडबुडे येतात, मग पुन्हा एक कढ द्यायचा. ती म्हणाली, "ताजी खळ सुताला धरत न्हाय. माझ्या बापानं कधी ताजी वापरली न्हाय." पळीपळीने चालत आलेली ती खळ ती लग्नात माहेरून मडक्यासकट घेऊन आली होती, माग मोडल्यावरही तिने ती टाकली नव्हती, आणि उंदरांचं काम निघालं तेव्हा तीच वापरली. बाबांना हे ठाऊक आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्यांनी विचारलं कुठं? एवढे शिकलेले, त्यांना ठाऊक असणारच की.

त्यांना ठाऊक नव्हतं. प्रबंधाची स्वच्छ प्रत मीच लिहून काढत होते, त्यामुळे मला शब्द न् शब्द माहीत होता. पीठ, शुद्ध पाणी, उकळणे, गाळणे. मडकं नाही, रात्र नाही, पळी नाही. मी शाळेत दह्याचा धडा शिकले होते. आंबणं म्हणजे जंतू, एवढं कळायला पीएच.डी. लागत नाही. पेशी जाग्या होत होत्या त्या चिंचोक्याच्या साखरेने थोड्या, आणि बऱ्याचशा त्या मडक्यातल्या कुजक्याने. आज मला नीट माहीत आहे की जंतू उकळून मेला तरी त्याच्या टरफलातलं काहीतरी मरत नाही, आणि त्याचा कणभर अंश पांढऱ्या पेशींना वेड लावायला पुरतो. आता ह्या विषयात काम करणारे आधी तोच शोधून काढतात, मग पुढचं बोलतात. तेव्हा मला इतकं कळत नव्हतं. पण आठ वर्षांचं काम एका मडक्यावर उभं आहे आणि हे घरात फक्त मला माहीत आहे, एवढं पक्कं कळलं होतं. मी बाबांना सांगितलं नाही. एक तर कानाखाली खाल्लेली ताजी होती. आणि दुसरं म्हणजे, असं काही आपल्याकडे असणं मला आवडलं.

मग आभाराचं पान आलं. बाबा येरझाऱ्या घालत सांगत होते आणि मी लिहीत होते. सरांचे आभार, प्राचार्यांचे आभार, कॉलेजच्या शिपायाचे, यीस्ट देणाऱ्या बेकरीवाल्याचेसुद्धा. मी लेखणी उचलून विचारलं, आणि अम्मा? बाबांना खरोखर हसू आलं. "तिचे कसले आभार? खळ तर शिजवली." अम्मा आत तांदूळ निवडत होती, तिला ऐकू गेलं असणार. सुपाचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने परत सुरू झाला. त्याच आठवड्यात पुण्याहून पत्र आलं. सरांनी लिहिलं होतं की आकडे डोळे दिपवणारे आहेत, म्हणूनच सही करण्याआधी मला ते समोर घडताना बघायचे आहेत. जुनी बाटली नको, नवीन खळ, नवीन उंदीर. मी सोलापूरला येतो. बाबांनी पत्र देव्हाऱ्यात ठेवलं. आमच्या घरात देव्हारा आहे हे त्यांना त्या दिवशी आठवलं. आठ वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते सगळं त्या एका सकाळवर येऊन थांबलं होतं. डिग्री मिळाली तर बाबा विभागप्रमुख, बाबा पुण्याला, बाबा परदेशात. नाही मिळाली तर बाबा जन्मभर बेडूक चिरायला शिकवणार.

सरांच्या येण्याला आठवडा उरला असताना अम्माने मोठ्या पातेल्यात खळ चढवली. नेहमीच्या दुप्पट, बाबांच्या हुकमाने. शिजलेली खळ चुलीवरून उतरवताना चिंध्यांची पकड सुटली आणि पातेलं तिच्या डाव्या पायावर उलटलं. गरम पाणी ओघळून जातं, खळ चिकटून बसते. अम्मा ओरडली ती तेलुगूत. बाबा धावत आले, चुलीपुढे पसरलेली खळ बघितली, अम्माचा पाय बघितला, आणि विचारलं, "किती उरली?" मी पाणी आणायला उठले तर म्हणाले, थांब, पाणी ओतू नकोस, आधी भांडं दे. जमिनीला न लागलेली वरची वरची खळ त्यांनी वाटीने भरून घेतली. अम्मा भिंतीला टेकून उभी होती, पाय उचलून, आणि त्यांना वाटी भरताना अडचण होऊ नये म्हणून तिने लुगडं वर धरलं होतं. मग मी पाणी ओतलं. खळीबरोबर पायाची कातडीही निघाली. भरून घेतलेल्या वाटीत राख पडलेली निघाली, ती बाबांनी मोरीत ओतली आणि मला म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत नवी खळ तयार पाहिजे. तू कर, तिला विचारून कर.

मी ठरवलं ते तेव्हाच. भावनेच्या भरात वगैरे काही नाही. मी फार शांत होते. अम्माला बाजेवर निजवलं, पायाला मलम लावलं. तिथून तिने मला सगळं सांगितलं, कण्हत कण्हत, काही विसरू नये म्हणून दोनदा. आजच शिजव. मडक्यातली पळीभर घाल. झाकून ठेव. उद्या कढ दे. मी हो हो म्हटलं. मग मडकं मागच्या दारी नेलं, तिच्या बापाच्या घरून आलेली ती खळ गटारात ओतली आणि मडकं राखेने, साबणाने, उकळत्या पाण्याने घासलं. पातेलंही घासलं. संध्याकाळी अम्माने विचारलं, घातलीस? मी म्हटलं, घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळाचं पाणी दोनदा उकळून घेतलं आणि अगदी प्रबंधात लिहिलं होतं तशी ताजी खळ शिजवून बाबांच्या हातात दिली. त्यांनी तार बघितली आणि म्हणाले, "चांगली झालीय." मला तेव्हा जे झालं त्याला आनंद म्हणतात. मी ते लपवणार नाही.

सर उतारवयाचे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. स्टेशनवरून टांग्याने आले, पिंजरे बघितले, अम्मा लंगडत बाहेर आली तेव्हा उठून उभे राहिले. एवढा मान तिला त्या घरात कुणी दिला नव्हता. चार दिवसांपूर्वी नवी खळ टोचलेले उंदीर बाबांनी मला मारायला सांगितले आणि माझा हात बघून सरांनी मान बाजूला वळवली. पेशी काढल्या, यीस्ट टाकलं, काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आधी बाबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सरांनी बघितलं. मग सर मला म्हणाले, बाळ, तू मोज, तुझा हात बसलेला आहे असं तुझे वडील म्हणतात. मी मोजलं. पेशींनी खाल्लं होतं, नाही असं नाही. न टोचलेल्या उंदरापेक्षा नक्कीच जास्त, दुसऱ्या उंदरातही, तिसऱ्यातही. पण ती तुडुंब भरलेली पंगत कुठेच नव्हती. मी खरे आकडे मोठ्याने सांगितले आणि सरांनी ते स्वतःच्या वहीत लिहिले. बाबांच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. त्यांनी मला विचारलं, या वेळी काही बदल केलास का? आवाजात मार नव्हता, विनवणी होती. त्यांची विनवणी मी तोवर कधी ऐकली नव्हती. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, नाही.

सर जेवले, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली, चटणी कशी करता ते अम्माला विचारलं. हात धुतल्यावर बाबांना म्हणाले, "आठ वर्षांचे आकडे आणि आजचे आकडे एकाच चिंचोक्याचे नाहीत. मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण माझी सही मागू नका." बाबांनी त्यांची बॅग टांग्यापर्यंत नेली. आता ह्या वयात मला एक गोष्ट सलते. त्या दिवशी काचेखाली जे दिसलं ते खरं होतं. चिंचोका पेशींना खरंच जागं करतो, थोडंसं. आठ वर्षांत पहिल्यांदा बाबांना त्यांचा खरा शोध दिसला होता, लहान, पण खरा. पुढे दुसऱ्यांनी असलेच बियांचे डिंक, गोंद, साखळ्या घेऊन काळजीपूर्वक हेच दाखवलं, आणि त्यांना लोक मानतात. बाबांना धीर असता तर तेवढ्यावर प्रबंध उभा राहिला असता. पण मोठ्या आकड्यांना चटावलेल्या माणसाला लहान खरं दिसत नाही, आणि ती सवय त्यांना आम्ही घरातल्यांनीच लावली होती.

टांगा गेल्यावर ते सरळ स्वयंपाकघरात आले आणि उंबऱ्यावर बसले. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अम्माला विचारलं, तू खळ कशी करतेस? अम्मा पाय पसरून बसली होती. तिचा चेहरा एकदम उजळला. तिने सगळं सांगितलं, हात हलवून हलवून, मडकं, पळी, झाकण, सकाळचे बुडबुडे, तिच्या बापाची रीत, कुणाच्या सुताला कशी धरायची ते. मराठी अपुरी पडली तिथे तेलुगूत सांगितलं आणि बाबांनी अडवलं नाही. मी दारामागे उभी होते. मला वाटलं आता मार पडेल. पण ते हळूच म्हणाले, "म्हणजे आठ वर्षं मी तुझं नासकं टोचत होतो." मग माझ्याकडे वळले. तू कशी केलीस? मी म्हटलं, प्रबंधात लिहिलंय तशी, ताजी. ते उठले, माझ्यापाशी आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा. "तू बरोबर केलंस," म्हणाले. अम्मा आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिली.

मला वाटलं होतं बाबा मोडतील आणि अम्मा सुटेल. झालं असं की बाबा मोडले आणि त्यांनी अम्माच्या हातचं खाणं सोडलं. त्या रात्रीपासून. दुसऱ्या दिवशी वातीचा स्टोव्ह आणला, वेगळी भांडी आणली. तिच्या हाताला लागलेलं नासतं, असं ते आल्यागेल्याला सांगायचे, अगदी शांतपणे, शास्त्रातली गोष्ट सांगावी तसे. मारणं बंद झालं, कारण मारायलाही हात लावावा लागतो. त्यांचा स्वयंपाक मी करू लागले, लग्नानंतरही रोज येऊन. मी केलेलं ते मुकाट्याने खायचे आणि वर चांगलं झालंय म्हणायचे. त्यांनीच मला सायन्सला घातलं, त्यांनीच धडपड करून तपासणीच्या कोर्सला पाठवलं, लोकांना सांगितलं की माझी पद्मा हाताची स्वच्छ आहे. अम्मा तिच्या चुलीवर एकटीपुरतं शिजवायची आणि एकटी जेवायची. बाबा जाईपर्यंत, म्हणजे कितीतरी वर्षं, हे असंच चाललं. त्यांच्या शेवटच्या आजारात तिने पेज करून नेली, तर त्यांनी ओठ मिटून घेतले आणि डोळ्यांनी मला शोधलं. मी तिच्या हातातून वाटी घेऊन ती बाजूला ठेवली आणि दुसरी पेज करून आणली. हेही मीच केलं.

बाबांनंतर अम्मा माझ्याकडे राहिली. अंथरुणाला खिळली तेव्हा एका दुपारी मला राहवलं नाही आणि मी तिला सांगून टाकलं, मडकं मी मुद्दाम ओतलं होतं, तुझ्या पायाचं मला बघवलं नाही म्हणून. मला वाटलं ती रडेल, मला जवळ घेईल. ती म्हणाली, मला त्याच सकाळी कळलं होतं, घरात आंबूस वास न्हवता. मग बाबांना का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

"सांगून तुला मारलं असतं, आनि काय? पद्मा, त्या घरात माझं एकच काम त्यांना लागत होतं. तेवढं एक माझ्याकडं होतं. ते तू घेतलंस."

मी म्हटलं, अम्मा, तुझ्यासाठीच केलं गं.

"माझ्यासाठी करायचं होतं तर मला विचारायचं की. त्यांनी आठ वर्षं विचारलं न्हाय. तू तर कधीच न्हाय."

त्यानंतर ती तीन आठवडे होती. मी भरवलेलं सगळं खात होती, औषध घेत होती, आणि माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.